तिसरी खाच

भिंगरी : बाबा, खाचा दोनच हव्या होत्या.

बाबा : तीन आहेत.

भिंगरी : तेच म्हणतेय. ड्रॉइंगमध्ये मी दोन काढून दिल्या होत्या.

बाबा : ड्रॉइंगमध्ये दोन आहेत, खरंय. पण त्याला टाचून तू जो फोटो दिलास, त्यात तीन आहेत.

भिंगरी : दुर्बिणीतला फोटो नुसता कल्पना यावी म्हणून दिला होता.

आई : आली की मग कल्पना. चार दिवस शेडमधून हलले नाहीत. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, तारा मध्यावर आणतोय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तारा आणतो असं पहिल्यांदा म्हणाले, तोही पितळेचा.

भिंगरी : आई, उद्या अकराला ही पितळेची तबकडी, माझ्या ताऱ्याचा नमुना, टेबलावर ठेवून मला बोलायचंय. समोर माझे मार्गदर्शक थोरले सर, बाहेरून आलेले दोन परीक्षक. पाच वर्षांचं काम उद्या एका तासात पास नाहीतर नापास. आणि तबकडीवर अशी खाच, जी माझ्या प्रबंधातच नाही.

बाबा : म्हणजे जॉब नापास.

भिंगरी : तसं नाही म्हटलं मी.

बाबा : तसंच म्हटलंस. कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा होतो, एक जॉब परत आला नाही. ती बघ, खिळ्याला चिठ्ठी आहे. पास का नापास ते लिही, सही कर. सहीशिवाय माझा जॉब शेडबाहेर जात नाही.

भिंगरी : घरच्या कामाला कसली चिठ्ठी, बाबा?

आई : मला विचार. माझ्या शिलाई मशीनचं चाक नीट करून दिलं, तेव्हा मलाही सही करायला लावली. त्याशिवाय मशीन मिळेना. गिऱ्हाईक ताटकळलं होतं दारात.

बाबा : नापास लिहायचं तर लिही. पण का, ते मला समजलं पाहिजे. तिसरी का नको?

भिंगरी : कारण ती खरी नाही. सर म्हणतात, दुर्बिणीचा दोष आहे. मधला तारा फार उजळ असतो. त्याच्याभोवती यंत्र स्वतःच पुसट वलयं उठवतं, पाण्यात खडा टाकल्यासारखी. आतल्या दोन खाचा ठसठशीत आहेत. बाहेरची तिसरी जेमतेम दिसते. मी गणितात बसवून पाहिली, बसली नाही. मग काढून टाकली.

बाबा : आधी कोणाला दिसली होती?

भिंगरी : मलाच. दोन वर्षांपूर्वी.

आई : मग तेव्हा फोन करून नाचत होतीस, ती हीच का? आणि पुढे विचारलं की विषय बदलायचीस.

भिंगरी : सर हे काम तीस वर्षं करतायत, आई.

बाबा : करू देत. मला एक सांग. ही खाच पडते कशी? पाडतं कोण?

भिंगरी : ग्रह. तारा नवा असतो तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची अशी चकती फिरत असते. धुळीचा कण कणाला चिकटतो. त्याचे खडे होतात, खड्यांचे धोंडे. धोंडा मोठा झाला की आजूबाजूचं स्वतःकडे ओढायला लागतो. असं होता होता ग्रह. तो ज्या वाटेने फिरतो, त्या वाटेवरची धूळ साफ होते.

आई : कपाटाखाली सहा महिने झाडू गेला नाही की गोळे होतात, तसं सुरू होतं म्हणायचं.

भिंगरी : सुरुवात तशीच. फक्त इथे लाखो वर्षं कोणी झाडू मारत नाही.

बाबा : आणि तो ग्रह दिसतो?

भिंगरी : नाही. तारा तीनशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे. ग्रह दिसत नाही, खाच दिसते.

बाबा : म्हणजे हत्यार दिसत नाही, त्याचं काम दिसतं. हे मला कळतं. आता इकडे ये. हा तुझा फोटो. ह्यावर मी पेन्सिलीने सोळा रेघा मारल्यात, ताऱ्यापासून बाहेर. प्रत्येक रेघेवर व्हर्निअर लावून खाचेच्या मध्यापर्यंत मोजलं. पहिली खाच वाच.

भिंगरी : बावन्न. बावन्न. बावन्न. सगळीकडे बावन्नच.

बाबा : दुसरी.

भिंगरी : त्र्याऐंशी. एका ठिकाणी साडेत्र्याऐंशी. ठीक आहे, तेवढं चालतं.

बाबा : आता तिसरी.

भिंगरी : एकशे सव्वीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. एकशे तीस. हे वाढत गेलंय.

बाबा : आणि पलीकडून पुन्हा तसंच उतरत आलंय. म्हणजे ती गोलच आहे. फक्त तिचं सेंटर ताऱ्यावर नाही. दोन मिलिमीटर बाजूला आहे.

भिंगरी : तुम्ही तबकडीवर तसंच कापलंय?

बाबा : बोट फिरवून बघ. दोन खाचा एका बांधणीत काढल्या. मग जॉब धरणाऱ्या चकाचे चारही जबडे ढिले केले, जॉब दोन मिलिमीटर सरकवला, पुन्हा बांधला, डायल लावून तपासला, मग तिसरी काढली. सगळा दिवस त्यातच गेला.

आई : त्या दिवशी जेवण दोनदा गरम केलं. तिसऱ्यांदा मी नाही केलं.

बाबा : भिंगरे, लेथला खोड असते. बेअरिंग झिजलं की जॉबवर लहरी उठतात. अशा कित्येक पाहिल्यात. पण यंत्राची खोड यंत्राच्याच सेंटरभोवती फिरते. दुसरं सेंटर हवं तर कोणीतरी हात लावून जॉब सरकवावा लागतो. तुझी दुर्बीण ताऱ्याभोवती वलयं उठवते म्हणालीस ना? मग ही ताऱ्याला सोडून का फिरतेय?

(भिंगरी फोटो घेऊन तिथेच जमिनीवर बसते.)

आई : काय गं? अशी का बसलीस? पाणी देऊ?

भिंगरी : बाबा, मी गणितात तिन्ही खाचांचं सेंटर एकच धरलं होतं. तारा. सगळे तसंच धरतात, म्हणून मीही धरलं. म्हणून ती बसत नव्हती.

बाबा : आता?

भिंगरी : आता तिचं सेंटर मोकळं सोडून बघते. माझ्याकडे दोन वेगळ्या वर्षांची चित्रं आहेत. दोन्हींत ती एकाच बाजूला, तेवढीच सरकलेली आली पाहिजे. नाही आली तर सर बरोबर, आणि मी चिठ्ठीवर नापास लिहीन.

बाबा : लिही. मोजून नापास झालेल्या जॉबचं मला वाईट वाटणार नाही.

(दोन तास. लेथ बंद. आईचं मशीन तेवढं मधूनमधून चालतं.)

आई : तबकडीला फलालीनची पिशवी शिवून झाली. आत घालू का? की अजून खटला चालू आहे?

भिंगरी : थांब, आई. बाबा, इकडे या.

बाबा : सांग तिथूनच. हात तेलाचे आहेत.

भिंगरी : दोन्ही वर्षांत आली. एकाच बाजूला. तेवढीच.

बाबा : हं.

आई : नुसतं हं? पोरगी रडतेय इथे.

बाबा : मग मी काय करू? मी चार दिवसांपूर्वीच पाहिली होती.

भिंगरी : बाबा, ह्याचा अर्थ कळला का तुम्हाला? तिथे तिसरा ग्रह आहे, आणि त्याची वाट ताऱ्याला सोडून एका बाजूला सरकलीय. ग्रह जन्माला येतात तिथेच राहतात असं नाही. धूळ, वायू संपत आले की एकमेकांना ओढतात, ढकलतात. कोणी आत ताऱ्याजवळ जातो, कोणी पार बाहेर फेकला जातो. आम्हाला वाटायचं हे सगळं फार उशिरा होतं. हा तारा तर अजून तान्हा आहे. आणि इथे ढकलाढकली सुरूसुद्धा झालीय.

आई : दोन भावंडं झाली की सुरू होते. त्याला दुर्बीण कशाला?

बाबा : तुझ्या सरांना सांगायला हवं.

भिंगरी : सांगितलं. तुम्हाला हाक मारण्याआधीच, मागच्या दारात उभी राहून, फोनवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आकडे पाठव म्हणाले. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. म्हणाले, उद्या बोल. खात्री म्हणून नको, शक्यता म्हणून बोल, पण तबकडी तीन खाचांचीच ठेव. आणि विचारलं, सेंटर सरकलंय हे कोणाच्या लक्षात आलं?

आई : मग? काय सांगितलंस?

भिंगरी : म्हटलं, आमच्या घरी एक टर्नर आहेत, त्यांच्या.

आई : बघा हो. बसा आता ताठ. चार दिवसांनी तरी.

बाबा : सर काय म्हणाले त्यावर?

भिंगरी : म्हणाले, उद्या त्यांना घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू.

बाबा : मी कशाला? तिथलं मला काय कळणार?

आई : कोटाचं बटण मी कालच लावून ठेवलंय. कळू दे नाहीतर न कळू दे.

भिंगरी : बाबा, ती चिठ्ठी द्या.

बाबा : घे. पेन खिशात आहे, काढ तूच.

भिंगरी : पास. हे लिहिलं. आता सही.

बाबा : सही नको. पूर्ण नाव लिही, सुटं सुटं. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर वाचायला शिकलेला माणूस आहे मी, सही मला वाचता येत नाही.