पाणबुडीतली खाट

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची ती जुनी पाणबुडी आहे ना, तिकीट काढून बघता येते ती? पलूसहून आम्ही एवढ्या लांब गेलो ते आत्यासाठीच. तिचे यजमान अशाच पाणबुडीवर नोकरीला होते, गेल्या वर्षी वारले. ते कसे राहायचे, हे तिला एकदा बघायचं होतं. आत एका अरुंद खाटेपाशी ती थांबली, ती हलेचना. मागं रांग तुंबली, तशी मी खेकसले, "अगं आत्या, चल की! अजून लय बघायचं राहिलंय."

"पोरी, हितं खिडकी कुठं हाय गं?"

"पाणबुडीला कुठली खिडकी? सगळी पाण्याखाली असते."

आत्या खाटेवरनं हात फिरवत राहिली. "ते मला पत्रात लिवायचे, काळजी करू नको, उशाला खिडकी हाय, रोज सकाळी समुद्र दिसतो."