पुढच्या रांगेत माधवची आई

मी कल्याणचाच. जन्म इथला, शाळा इथली, वडील रेल्वेच्या माल कचेरीत कारकून, आम्ही चाळीत खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर माधव आणि त्याची आई, वडील त्याचे लहानपणीच गेलेले. आम्ही दोघं एका वर्गात, एका बाकावर, पण बोलायचा तो आणि ऐकायचो मी, हे जणू पहिल्यापासून ठरून गेलेलं. मला पुस्तकांचं वेड, म्हणून पुढे वाचनालयातच नोकरीला लागलो, अजून तिथेच आहे. तो ठाण्याला एका दवाखान्यात कंपाउंडर. त्याच्या आईला मी काकू म्हणायचो आणि त्या मला विन्या म्हणायच्या. आता विन्या म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हणून सांगायला बसलोय, नाहीतर माझ्यासारख्याच्या आयुष्यात सांगण्याजोगं काय असणार.

तर कोरियात लढाई पेटलेली त्या वेळची गोष्ट. एक सेवाभावी मंडळ तिकडच्या निर्वासितांच्या छावणीसाठी माणसं गोळा करत होतं. माधव एका संध्याकाळी वाचनालयात आला आणि म्हणाला, विन्या, मी नाव दिलंय, तुझंही दिलंय. मी म्हटलं, अरे, माझं कशाला? तर म्हणतो, तू नाही आलास तर मी परत येऊन सांगेन ते खरं कोण मानेल? असा होता तो. काकू बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, मग एक दिवस लोकर घेऊन बसल्या. कल्याणात स्वेटर घालतो कोण, त्यांना विणायला येतही नव्हतं धड, शेजारणीला विचारून विचारून विणला, एक बाही लांब झाली. ती त्याने दुमडून घातली.

काय सांगू तुम्हाला, मी एवढी पुस्तकं वाचलेली, त्यातलं एकही तिथे कामाला आलं नाही. आमची बोट लागली त्या बंदराच्या मागे डोंगर, डोंगरावर झाड म्हणून नाही, सगळी तोडून जाळलेली, आणि उतारावर माणसंच माणसं, पत्र्याच्या नि गोणपाटाच्या आडोशाला. बर्फ आम्ही चित्रात पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात एक बाई पाठीला मूल बांधून औषधाच्या रांगेत आली. मी मूल सोडवायला गेलो तर ते केव्हाच गार पडलेलं. तिला ते माहीत होतं. औषध ती हाताशी धरलेल्या दुसऱ्या मुलासाठी मागत होती. मी तसाच उभा राहिलो, हात पुढे केलेले तसेच, आणि माधवने मला बाजूला केलं आणि तिला औषध दिलं. मला अजून कधी कधी हात पुढे केले की ते आठवतं.

माधवकडे शेगड्यांचं काम आलं. पत्र्याची पिंपं अर्धी कापून त्यात लाकडं जाळायची, आणि लाकूड लांबून लॉरीने यायचं, सोन्यासारखं जपायला लागायचं. मोठी माणसं पुढे घुसली की हा ओरडायचा, आधी पोरं, आधी पोरं, अगदी मराठीत. थोड्या दिवसांनी तिथले म्हातारेही एकमेकांना तेच ओरडायला लागले. तिकडे लाल घेवड्याचं गोड सारण करतात, ते पहिल्यांदा चाखलं तेव्हा हा ओरडला, विन्या, पुरण! आणि मग कुठून तरी कणीक मिळवून पोळ्या लाटायला बसला, त्या तुटल्या, करपल्या, आणि पोरांनी तेवढ्याच आवडीने खाल्ल्या.

हिवाळ्याच्या शेवटी उवांमधून पसरणारा ताप आला आणि त्यात माधव गेला. तो गेल्यावर काय झालं ते पुढे सांगतो, कारण मलाही ते फार पुढेच सांगावं लागलं.

मी परत आलो तोवर घरी तार येऊन काही महिने झाले होते. शरीर हाती नसलं की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसा काकूंच्या पुतण्याने खाडीकाठी दिलेला, दिवस केलेले, सगळं उरकलेलं. मी जिना चढून वर गेलो, वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं, जेवायला काय मिळायचं रे? स्वेटर घालायचा का? बाही लांब होती. मी म्हटलं, रोज घालायचा. बस, तेवढंच. शेवट कसा झाला हे त्यांनी विचारलं नाही आणि न विचारता मी कसा सांगणार.

मग बोलावणी सुरू झाली. परदेशातून सेवा करून आलेला माणूस म्हणजे तेव्हा अप्रूप. शाळा झाल्या, महिला मंडळ झालं, गणपतीत झालं. मी काही वक्ता नाही हो. आमच्या जुन्या शाळेत पहिल्यांदा बोललो तेव्हा नकाशा लावून हवामान सांगत होतो, पोरं जांभया देत होती, तर पुढच्या बाकावरून आवाज आला, अरे विन्या, ठेव तो नकाशा, पुरणाचं सांग. काकू! पोरांच्या रांगेत नऊवारी सावरून बसलेल्या. पुरणाचं सांगितलं, पोरं खिदळली. त्यानंतर मी जाईन तिथे काकू. आंबिवलीला देवळात आगरी मंडळींसमोर बोललो तिथेही गाडीने आल्या. तिथला एक म्हातारा म्हणाला, तिकरं भात होतं का रं पोरा? मी म्हटलं, भातच खातात. तर तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, मंग ती आपलेसारखीच मानसा हान. काकूंना ते फार आवडलं, परतताना तेच तेच म्हणून दाखवत होत्या.

पण एकेकदा धक्काच बसायचा. मी मेलेल्या मुलाची गोष्ट सांगायचो आणि त्यावर प्रश्न यायचा, ते लोक साप खातात का हो? एका हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं, काकू रीतीप्रमाणे बाजूला, दाराशी बसलेल्या, आणि एक तरुण बाई थट्टेने म्हणाली, तुमचे ते मित्र तिकडेच रमले वाटतं, एखादी गोरीपान बघून? तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मी काकूंकडे बघितलं तर त्या हसत होत्या, पदर तोंडाला लावून, खऱ्या हसत होत्या. तेव्हा मला उमगलं की त्या का येतात. माझ्या गोष्टीत माधव जिवंत होता. मी दर वेळी त्याला शेगडीपाशी उभा करायचो, आधी पोरं म्हणून ओरडायला लावायचो आणि तिथे थांबायचो. टाळ्या व्हायच्या. पुढे गेलो तर काकूंचं काय उरेल, या भीतीने मी पुढे जायचोच नाही.

आणि मग ठाण्याची ती मुलींची शाळा, खोपट भागातली. सातवीचा वर्ग. टाळ्या झाल्या, बाई आभार मानायला उठल्या, तेवढ्यात एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, तुमचे मित्र आता कुठे असतात? वर्ग माझ्याकडे बघतोय, मी खडूकडे बघतोय. आणि काकू उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी सांगून सावरतील. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, विन्या, त्याला अग्नी कोणी दिला?

इतक्या दिवसांत न विचारलेलं, तिथे, त्या मुलींसमोर विचारलं. मी म्हटलं, काकू, घरी बोलू. म्हणाल्या, नाही, इथेच सांग. मग सांगितलं. अग्नी नाही दिला, पुरलं. त्या म्हणाल्या, लाकूड नव्हतं? खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, होतं. आदल्याच दिवशी लॉरी आलेली. छावणीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्यात काय रीत आहे? मी त्या ढिगाकडे बघितलं, शेगडीभोवती पोरं होती, आणि मी म्हटलं, जमिनीतच ठेवू. त्याने त्या ढिगातलं एक लाकूड स्वतःसाठी घेतलं नसतं, काकू. तिथल्या माणसांनी गोठलेली जमीन खणून दिली.

काकू म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, म्हणजे आम्ही इथे गवत जाळलं आणि माझं पोर तिकडे मातीत. पदर खोचला आणि निघाल्या. प्रश्न विचारलेली मुलगी रडायला लागली. मी धावत रस्त्यावर गेलो तर मागे न बघता म्हणाल्या, माझ्या मागे येऊ नकोस.

वरचं दार मला बंद झालं. जिन्यात समोर आलो तर भिंतीकडे तोंड करायच्या. मी बोलावणी नाकारायला लागलो, पण पुढच्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी ऐकलंच नाही. बोललो, शेगडीपाशी आलो, सवयीने थांबलो. टाळ्या सुरू झाल्या आणि मागून, अगदी मागून, चपला काढून ठेवतात तिथून, आवाज आला, अर्धं काय सांगतोस लोकांना? पुढचं सांग. मांडवात सगळे मागे वळले. मी पुढचं सांगितलं. लॉरी, ढीग, जमीन, सगळं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानंतर काकू पुन्हा यायला लागल्या, पुन्हा पुढे बसायला लागल्या, पण झालं ते बरोबर की चूक, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, फार त्रास नाही. मी खांदा द्यायला म्हणून खाली उभा होतो, तर पुतण्या जिना उतरून आला आणि मडकं माझ्या हातात द्यायला लागला. मी मागे सरलो. म्हटलं, अरे, तू घरचा, मी कोण? तो म्हणाला, तिने सांगून ठेवलंय, अग्नी विन्याने द्यायचा, त्याचा एक द्यायचा राहिलाय. भटजी म्हणाले, गोत्र वेगळं, यांचे वडीलही हयात, असं कसं चालेल? तर पुतण्या म्हणाला, तिने तुम्हालाही निरोप ठेवलाय, चालवून घ्या म्हणून. मी मडकं धरलं, माझ्या वडिलांनी पाठीला हात लावून मला चालतं केलं. काकूंनी मला माफ केलं की शिक्षा केली, हे खाडीकाठी पोचेपर्यंत मला कळत नव्हतं, आणि आजही कळत नाही. लाकूड कोरडं होतं, लगेच पेटलं.

शाळांची बोलावणी अजून येतात. जातो, सगळं सांगतो, आता काकूंपर्यंत सांगतो. एखादं पोर म्हणतं, मोठा झालो की मीही जाईन तिकडे. पूर्वी मी गप्प बसायचो. आता म्हणतो, जा बाबा, सुखरूप जा, सुखरूप ये, आणि आल्यावर आईने विचारायच्या आधी तिला सगळं सांग.