एक पॉइंट सात सहा

मिक्सर दुरुस्तीला टाकून मी दुकानातल्या बाकावर बसले होते. शेजारी कॉलेजच्या मॅडम आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले काका. त्यांचा मीटर दुकानदाराने आत उघडून ठेवला होता.

"मॅडम, हा दुकानदार म्हणतो, मीटर नवा आला तेव्हापासूनच करंट जास्त दाखवतोय."

"मग काका, इलेक्ट्रॉनच्या प्रयोगाचं उत्तर बरोबर कसं आलं मुलांचं?"

"तेच तर. एकोणचाळीस जणांचं एक पॉइंट सात सहा. पुस्तकात आहे अगदी तेवढंच."

"म्हणजे पुस्तकातून उतरवलंय. मला संशय होताच."

"एकीचं तेवढं एक पॉइंट दोन दोन आलं होतं."

"तिला नापास केलंय मी. आकडे मनाने लिहिले म्हणून."

"मी आत्ता गणित करून बघितलं. या मीटरवर एक पॉइंट दोन दोनच येतं."

"असं?"

"एक विचारू का, मॅडम?"

"विचारा."

"पहिल्या दिवशी याच मीटरवर तुम्ही प्रयोग करून दाखवलात. फळ्यावर उत्तर किती लिहिलं होतंत?"

"काका, बघा जरा, आपला मीटर झाला वाटतं."

दुकानदाराच्या हातात माझा मिक्सर होता.