धाकटीच्या किल्ल्यावर नेणारा कॉम्प्युटर

…आणि पुन्हा तोच प्रश्न! अहो, दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकलं नाही, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही, 'या' नाही, 'बसा' नाही, एकदम "बजेट किती?" तुम्हाला सांगते, या कॉम्प्युटरच्या भानगडीआधी जन्मात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हा प्रश्न मी विचारते! तीस वर्षं वार्ताहर आहे मी. भल्याभल्या नगराध्यक्षांच्या तोंडासमोर रेकॉर्डर धरून विचारलंय, साहेब, बजेट किती, खर्च किती, आणि मधले गेले कुठे? घाम फुटायचा त्यांना, पंखा सुरू असताना घाम! आणि आता काउंटरपलीकडचा एक चष्मेवाला टूथपिक चघळत मला विचारतो, बजेट किती… आणि घाम कुणाला? मला!

सांगितला आकडा. तुम्हाला नाही सांगणार. बातमीचं सूत्र आणि स्वतःचं बजेट, या दोन गोष्टी पत्रकार मेला तरी उघड करत नाही. चष्मेवाल्याने आकडा ऐकला, टूथपिक तोंडातून काढली, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात ना, त्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ऑफिसच्या कामाला हवाय ना?"

"नाही. गेम खेळायला."

"अच्छा, नातवाला!"

नातू! मला! अजून निवृत्त व्हायची आहे मी! "मला," म्हटलं. "मला स्वतःला. मला किल्ल्यावर जायचंय."

त्याने टूथपिक परत तोंडात घातली.

थांबा, किल्ल्याचं सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की बाईंचं काहीतरी बिनसलंय. माझी एक धाकटी बहीण. आता पन्नाशीला आली, पण आमच्याकडे धाकटी ती धाकटीच. लांब राहते, इतकी लांब की इथे चहाची वेळ तेव्हा तिथे दिवेलागणीची. लहानपणी आमची दोघींची एक खोली, दोन खाटा, मधे हातभर जागा, आणि त्या जागेतून हिच्या बोलण्याचा नळ सुरू. वर्गात कोण काय म्हणालं, मग ही काय म्हणाली, मग त्या पोरीचं तोंड कसं झालं, जिन्यातल्या मांजराला त्यावर काय वाटलं असेल… सगळं! मी उशी डोक्यावर घ्यायचे, तर ही उशीखाली तोंड खुपसून बोलायची, "ऐक ना ताई, गंमत तर पुढेच आहे!"

आणि आता? फोनवर दोन मिनिटं. "जेवलीस?" "हो." "दिवसभर काय केलंस?" "नेहमीचंच गं." "नेहमीचंच म्हणजे काय? कामावर गेली होतीस? मग आवाज असा का येतोय? सर्दी झालीय की रडलीस? कधीपासून? डॉक्टरला दाखवलं? काय म्हणाला? नाव काय त्याचं?" "ताई, ठेवते हं, गॅसवर दूध आहे." दूध! दर वेळी दूध! मी एवढी काळजीने चौकशी करते, आणि हिचं आपलं दूध! त्या घरात गाई किती आहेत, तेवढंच विचारायचं राहिलंय.

तर एकदा फोन उचलला मेहुण्यांनी. साधा माणूस, बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "ताई, ती आत्ता किल्ल्यावर आहे." म्हटलं, कुठल्या किल्ल्यावर? म्हणाले, "कॉम्प्युटरमधल्या. गेम आहे एक. रोज चारपाच जण जमतात, भिंती बांधतात, कुऱ्हाडीने लांडगे मारतात, आणि… बोलतात." किती वेळ? "असतात दोन तास तरी." दोन तास! आणि मागून तिचा आवाज येत होता हो. तोच नळ. धो धो! कुणाला तरी सांगत होती, "ऐक ना, ऐक ना, गंमत तर पुढेच आहे…" आता तुम्हीच सांगा, ते 'ऐक ना' कुणाचं? माझं! उशीखाली घुसमटून कमावलेलं माझं 'ऐक ना'! मला दोन मिनिटं आणि दूध, आणि कुठल्या तरी परक्या कुऱ्हाडवाल्याला दोन तास!

फोन ठेवला ती तशीच ऑफिसात, आमच्या क्रीडावाल्याच्या टेबलाशी. हा आमचा क्रीडा वार्ताहर, मैदानावर कमी आणि पडद्यासमोर जास्त असतो, त्याला गेमचं सगळं ठाऊक. मेहुण्यांकडून काढून घेतलेलं गेमचं नाव त्याला सांगितलं. तो हसला. "बाई, हा गेम? तुमच्या घरच्या त्या डब्यावर? अहो, तो डबा सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो!" मग म्हणाला, "नवा बांधा." बांधा? कॉम्प्युटर काय भिंत आहे? तर म्हणे हो, सुटे भाग घ्यायचे आणि जोडायचे, स्वस्त पडतं. "प्रोसेसर म्हणजे डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे डोळे, ते पडद्यावर चित्रं काढतं. रॅम म्हणजे तात्पुरती आठवण, आणि मदरबोर्ड म्हणजे हे सगळे ज्यावर बसतात तो पाट. गेमला डोकं कमी आणि डोळे जास्त लागतात, म्हणून निम्मे पैसे त्या कार्डात घाला." आणि मग खुर्ची मागे रेलून, पाय लांब करून, शहाण्यासारखा… "बजेट किती?"

म्हणजे सुरुवात ह्यानेच केली!

बरं, माझा एक नियम आहे. एकाने सांगितलं ती अफवा, दोघांनी सांगितलं ती बातमी. तीस वर्षांत या नियमामुळे मला एकदाही माफी छापावी लागलेली नाही. म्हणून चष्मेवाल्याने जे जे सांगितलं, ते घेऊन मी समोरच्या फुटपाथवरच्या दाढीवाल्याच्या दुकानात गेले. दाढीवाला म्हणाला, "हा प्रोसेसर त्या मदरबोर्डात बसतच नाही, पिना वेगळ्या. कुणी सांगितलं तुम्हाला?" म्हटलं, सूत्रांनी. रस्ता ओलांडून परत. "दाढीवाल्यांचा आरोप आहे की तुमचा प्रोसेसर तुमच्याच मदरबोर्डात बसत नाही. आपली प्रतिक्रिया?" चष्मेवाला उखडला. "तो जुना बोर्ड सांगत असेल! मी नवा सांगितला!" परत रस्ता. "ते म्हणतात तुम्ही जुना बोर्ड गृहीत धरलाय." "नवा घेतला तर रॅम नवी लागेल, ते सांगितलं का त्याने?" परत रस्ता! मधल्या मोटारवाल्यांनीही मला ओळखायला सुरुवात केली. शेवटी चष्मेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवरून वाकला आणि कुजबुजला, "मॅडम, माझ्या नावावर घालू नका, पण कार्डांचे भाव वाढणार आहेत. आजच उचला."

आता ही आतल्या गोटातली बातमी! अशी बातमी मी एका सूत्रावर धरीन? मी दुसरं सूत्र शोधायला निघाले. दाढीवाला, क्रीडावाला, तिसरं दुकान… सगळ्यांकडून पक्की करून घेतली, आणि पक्की झाली तेव्हा भाव वाढलेले होते. अहो, खरी निघाली बातमी! पण शिळी!

त्या दिवशी चष्मेवाल्याच्या दुकानात भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक गेम लावून ठेवला होता. डोंगर, खाली नदी, आणि गवत… वाऱ्याने एकेक पातं वेगळं हलत होतं. वर कडेला एक बुरूज. मला उगीचच वाटलं, त्या बुरुजाच्या पलीकडे असेल ती, कुणाला तरी सांगत असेल. मी उभी राहिले. पिशवीचा बंद खांद्यात रुतला तरी उभी. चष्मेवाला मागून म्हणाला, "मॅडम, हे कार्ड तुमच्या बजेटमध्ये नाही." ठाऊक आहे हो मला! नुसतं बघू तरी द्याल का?

मग क्रीडावाल्याने सेकंडहँड कार्डाचा शोध लावला. विकणारा एक तरुण बाप, घरात नुकतंच बाळ आलेलं, कार्ड दुपट्यात गुंडाळून घेऊन आला. दुपट्यात! मी माझ्या पद्धतीने सुरू केलं, कधी घेतलंत, कुणाकडून, आधी किती जणांनी वापरलं, उघडलं होतं का, का विकताय, खरं कारण सांगा. तो म्हणाला, "बाई, बाळाला घेऊन बसलं की दोन्ही हात अडकतात." आणि कार्डावरची न दिसणारी धूळ अंगठ्याने पुसत म्हणाला, "ह्याच्यावर मी फार लांब लांब जाऊन आलोय." यापुढे काय विचारणार? तीस वर्षांत पहिल्यांदा मुलाखत अर्धवट सोडली. घेतलं.

डोळे आले, मग डोकं आलं, दाढीवाल्याकडून बोर्ड, चष्मेवाल्याकडून रॅम, दोघांनाही सारखी जागा दिली, आम्ही निष्पक्ष आहोत. वीज पुरवणाऱ्या डब्यात मी काटकसर करायला गेले तर क्रीडावाल्याने हात जोडले, "बाई, तो उडाला तर सगळ्यांना घेऊन उडेल." मग हे सगळं आत बसवायची पेटी निवडायची. चष्मेवाला म्हणाला, "रंगीत लाइटवाली देऊ?" म्हटलं, लाइटने काय होतं? म्हणाला, "काही नाही." बघा, इतक्या दिवसांत त्या बाजारात ऐकलेलं एकमेव वाक्य, ज्याला दुसरं सूत्र लागलं नाही!

आणि सगळ्यात शेवटी हेडफोन. बजेटच्या तळाला गेलेल्या चिल्लरीत काय बसतं? "हा माइकवाला, हा बिनमाइकचा," चष्मेवाला म्हणाला. "माइकवाला घ्या मॅडम, गेममध्ये बोलायला लागतो." म्हटलं, मला तिचं ऐकायला जायचंय, पत्रकार परिषद घ्यायची नाही. बोलायला घरी फोन आहे. द्या तो बिनमाइकचा! आणि काय ऐटीत बाहेर पडले म्हणून सांगू… तूट नसलेला अर्थसंकल्प मांडणारी या शहरातली पहिली व्यक्ती!

क्रीडावाल्याने रविवारी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि सुरू झालं हो ते! धाकटीला निरोप पाठवला, 'किल्ल्यावर येतेय.' तिचं उत्तर, 'कोण, तू???' आणि मी गेले. आता आमच्या बजेटात गवताची पाती नव्हती, गवत म्हणजे हिरवी सतरंजी, नदी म्हणजे नुकतीच पुसलेली फरशी, आणि पन्नास पावलांपुढे नुसतं धुकं. घाईघाईत माणूस निवडताना बोट कुठे पडलं कोण जाणे, मी एक मिशीवाला टकला पुरुष झाले होते, हातात काठी. धुक्यातून एक चिलखतवाली धावत आली. थांबली. आणि कानात… अगदी कानात, उशीखालून यावा तसा आवाज, "ताई? हे टक्कल तू आहेस?"

मी तोंड उघडलं आणि… काय? माइक कुठाय? "बोल ना ताई! माइक नाही घेतलास? तू? तू माइक नाही घेतलास?" हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "बरं, ऐकू येत असेल तर उडी मार." टकल्याने उडी मारली. "अगं बाई!"

मग तिने किल्ला दाखवला. ही भिंत माझी, हे तळं माझं, हा दरवाजा तीनदा पडला, तो कुऱ्हाडवाला म्हणजे निवृत्त दंतवैद्य आहे, ऐक ना, त्याची गंमत सांगते… मी मागे मागे. मला कितीतरी विचारायचं होतं. टाइप करायला थांबले तर लांडगा चावला. तिने लांडगा मारला, आणि बोलायची काही थांबली नाही. भिंतीवर येऊन बसली. मी शेजारी. समोर धुकं.

आणि म्हणाली, "ताई, माझी नोकरी गेली. झाले बरेच महिने."

अहो, माझ्या घशात सात प्रश्न एकदम अडकले! कुणी काढलं? कारण काय दिलं? लेखी दिलं का? सहीखाली नाव कुणाचं? मी 'का' एवढं टाइप केलं आणि दुसरा लांडगा आला, तोही तिनेच मारला. म्हणाली, "फोनवर सांगणार होते गं. रोज ठरवायचे. पण तू विचारणार, कुणी, का, कधी, आणि मला एकाचंही उत्तर ठाऊक नाही. मला नुसतं सांगायचं होतं कुणाला तरी." मग रडली. मग नाक ओढून तिथल्या साहेबीणबाईंची नक्कल केली, इतकी हुबेहूब की मी एकटी घरात जेवणाच्या टेबलापाशी खो खो हसले आणि ते तिला ऐकूच गेलं नाही. मला सांगायचं होतं, ये निघून इकडे, खोली आहे, खाट आहे, मी आहे. 'ये इकडे'ला कुठलं बटण आहे, हे क्रीडावाल्यालाही ठाऊक नाही. "कळतंय ना ताई?" तिने विचारलं.

उडी मारली. दुसरं काय करणार? मिशीवाला टकला माणूस, हातात काठी, किल्ल्याच्या भिंतीवर जागच्या जागी उड्या मारतोय… आणि ती बोलतेय. दोन तास बोलली हो. मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, मेहुण्यांनी नंतर सांगितलं.

आता रोज जाते. फोनवर अजूनही दोनच मिनिटं, अजूनही दूध. परवा चष्मेवाल्याच्या दुकानावरून जात होते तर त्याने आतूनच हाक मारली, "मॅडम, म्हटलं होतं ना, माइक लागतो! हा बघा, छोटासा, नुसता खुपसायचा. बोला, बजेट किती?" मी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. तोंडाशीसुद्धा धरून पाहिला. आणि ठेवला परत काउंटरवर.

"काय झालं मॅडम, परवडत नाही?"

"माइक परवडतो हो," म्हटलं. "बोलणं परवडत नाही."