पांढऱ्या कॉर्व्हेटची पूजा

गाडी घरी आली की तुम्हीही आधी तिची पूजाच करता ना? आमच्या ह्यांनी कॉर्व्हेट ही जुनी अमेरिकन स्पोर्ट्स गाडी आणली, अगदी पहिल्या वर्षी बनलेली, पांढरीशुभ्र. मी सवयीने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हे धावतच आले.

"अगं, उद्या जुन्या गाड्यांची स्पर्धा आहे! मूळ रंगालाच मार्क असतात!"

पुसायला गेले, तर गुलाबी डाग पसरला. ह्यांचा चेहरा बघवेना.

"ही गाडी लाल रंगात नव्हतीच का?" मी हळूच विचारलं.

"पहिल्या वर्षी फक्त पांढरी. लाल पुढच्या वर्षी आली."

"मग माझी एकाच वर्षाची घाई झाली की हो!"

हे कपाळाला हात लावून हसत सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि मला शेजारी बसवून, डागासकट, गाडी इथल्या शुगर लँड गावातल्या देवळात नेली.