ऑक्टाचं गिऱ्हाईक

देशपांडे मॅडमचं तोंड मी कसं बंद केलं ते आधी ऐका, मग चहा प्या.

इथे आखातात, अल् खुवैरला त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. "आमचे हे दुपारी नुसतं सॅलड खातात," हे तासभर ऐकवून झालं. मग मॅडमनी खेळ काढला. विज्ञानातल्या शब्दांना पुढे ग्रीक आकडे लागतात, ते एकापासून आठपर्यंत सांगायचे. म्हणे जर्मन असो की फ्रेंच, सगळीकडे तेच चालतात. मी हात वर केला, तर म्हणतात, "सुमनताई, तुम्ही चौथी पास. तुम्ही आपल्या टाळ्या वाजवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, मी डबे करते. माझी पोरगी केमिस्ट्री पाठ करत करत चपात्या बांधते आणि पाकिटावर आकडा याच शब्दांत लिहिते. दोन वर्षं मी तेच वाचून डबे भरतेय!

उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा!"

खलास! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मॅडम म्हणाल्या, "नुसती घोकंपट्टी. ऑक्टा म्हणजे किती ते तरी माहितीये का?"

"आठ," मी म्हटलं. "रोज आठ चपात्या घेणारं माझं एकच गिऱ्हाईक आहे. डबा ऑफिसात जातो. तुमचे मिस्टर."

मग टाळ्या वाजल्या. मॅडम सोडून सगळ्यांनी वाजवल्या.