झिजलेला माल

आळेफाट्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर कापडदुकानवाले आजोबा आणि त्यांची नात बसले होते.

"खुशबू, त्या ग्रंथालयाच्या कोर्सात शिकवतात तरी काय?"

"सध्या फाटलेली पुस्तकं शिवायला शिकतेय, दादाजी."

"माल एवढा झिजतो? मग तोटाच की."

"उलट हाय. पुस्तक झिजलं नाय, म्हणजे ते कोणी नेलंच नाय. तोटा तो."

"मग तुझ्या आजीची पुस्तकं लई तोट्यात हायेत. ती गेल्यापासून कपाटाला कुलूप हाय."

"गावच्या वाचनालयासाठी मागितली व्हती मी. तुमीच किल्ली देत नाय."

"ही घे. पण परत येतील ना?"

"येतील. झिजून येतील."

"येऊ देत. तू हायेस की शिवायला."